मिरगीत गोष्टी पुसल्या जातात, तर वही अशी ठेवा

दिवाळीनंतर कापसाचा सौदा मी स्वतःच केला. गाडी भरून दिली, घरी येऊन भाव सांगितला. दुसऱ्या दिवशीही सगळं आठवत होतं. तीन आठवड्यांनी व्यापारी उरलेले पैसे घेऊन दारात आला तर मी विचारलं, कायचे पैसे? बायको म्हणाली, "अवो, तुमीच त सौदा केला ना बुधवारी!" अख्खा बुधवार गेला होता. त्या दिवशी खाल्लेला आलूबोंडासुद्धा.

गावात म्हणतात, मिरगीनं डोकं बिघडलं. डोकं बिघडलेलं नाही. कानशिलाच्या आत, खोलवर, हिप्पोकॅम्पस नावाचा भाग असतो. नवी आठवण आधी तिथं धरली जाते आणि मग दिवसेंदिवस, बरीचशी झोपेत, पक्की होत जाते. १९५३ साली अमेरिकेत हेन्री मोलेसन या मिरगीच्या रुग्णाचा हा भाग दोन्ही बाजूंनी काढला. फिट कमी झाल्या, पण त्यानंतर घडलेलं त्याला धरून ठेवता येईना. माझी फिट याच भागातून उठते, तीही बहुतेक पहाटे. म्हणजे वेचणी होते, पण गंजी लागायच्या आधीच कापूस उडतो.

शहरातल्या एका दवाखान्यात माझी तपासणी झाली. शब्द सांगितले, अर्ध्या तासानं विचारले, मी बरोबर सांगितले. रिपोर्ट नॉर्मल! अर्ध्या तासाचं मलाही आठवतंच की. घसरण नंतर होते, दिवसांनी, आठवड्यांनी. म्हणून घरीच पाहा. घरातल्या कुणीतरी बाजारातला एखादा साधा प्रसंग सांगावा, त्यात वीस बारीकसारीक गोष्टी असाव्यात: कोण भेटलं, भेंडी काय भावानं. दहा अर्ध्या तासानं विचारायच्या, उरलेल्या दहा आठवड्यानं. दोन्ही वेळा त्याच विचारू नका, कारण एकदा विचारलं की ती पक्की होते आणि तपासणी फसते. घरातल्या दुसऱ्यालाही तेच विचारा. माझ्या आधी आठ, मग एक. बायकोच्या आठ आणि सहा. हा कागद मी मेंदूच्या डॉक्टरांपुढे ठेवला, तेव्हा बोलणं पुढं सरकलं.

आता गंमत पाहा. तपासणी ज्यानं फसते, तोच आपला उपाय. रात्री जेवल्यावर मी दिवसाच्या तीनच ओळी लिहितो: पैसा, माणूस, शेत. जास्त लिहू नका, चार दिवसांत कंटाळा येतो. दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या दिवशी आणि आठव्या दिवशी वही मिटूनच बायको विचारते, "सांगा, त्या दिवशी कोण आलं होतं?" आधी आठवायचा प्रयत्न, मग वही उघडायची. नुसतं वाचून माझ्या डोक्यात काही राहत नाही. लग्न, बारसं असलं की फोटो काढून तसंच करायचं. व्यवहाराचं मात्र डोक्यावर सोडूच नका. सही आणि तारीख घ्या.

गोळी घेतली की कालनिर्णयच्या चौकोनात फुली. फुली नाही म्हणून दोन गोळ्या एकदम घेऊ नका, डॉक्टरांना फोन करा. काही गोळ्यांनीही शब्द सुचत नाहीत, मंदपणा येतो. तसं वाटलं तर डॉक्टरांना सांगा, मनानं बंद करू नका. मी एका पावसाळ्यात केली होती बंद, आणि विहिरीवर पडता पडता वाचलो. जागरणही टाळा, भजनाला मी दहापर्यंतच बसतो. फिट पाच मिनिटांच्या वर गेली तर १०८ ला फोन. चप्पल-कांदा हुंगवण्यात वेळ घालवू नका, हे माझ्या मायला अजून पटत नाही.

भावाच्या लग्नातलं मात्र मला काहीच आठवत नाही. तेव्हा वही नव्हती. फोटोत मी फेटा बांधून हसतोय.

वही ठेवली कुठं तेच विसरलो तर? दाराजवळच्या खुंटीला सुतळीनं बांधली आहे. पेनही बांधला आहे, कारण पोरगी नेते.