पानाच्या टोकावरचे थेंब: या चुका टाळा

पावसाळ्यात सकाळी साडेसहाला अळूचं पान बघा. टोकाशी टपोरा थेंब जमतो, गळतो, की लगेच दुसरा धरायला लागतो. रात्री पर्णरंध्रं, म्हणजे वाफ सोडणारी पानावरची बारीक छिद्रं, मिटलेली, हवा दमट, माती ओली. मुळं मात्र पाणी ओढतच राहतात. मुळांतला दाब ते वर ढकलतो आणि पानाच्या कडेची जलरंध्रं, जी मिटत नाहीत, ते बाहेर सोडतात. हा बिंदुस्राव. झाड आजारी नसतं.

तरी लोक आधी पंप उचलतात, ही सगळ्यात मोठी चूक. थेंबाला बोट लावा. चिकट लागला तर पान उलटून बघा, मावा किंवा पिठ्या ढेकूण सापडेल. नुसतं पाणी असेल तर फवारणी नको. दव असेल तर ते अख्ख्या पानावर बसतं, शेजारच्या गाडीच्या टपावरही. बिंदुस्रावाचे थेंब मात्र टोमॅटो-स्ट्रॉबेरीच्या पानाच्या दात्यांवर ओळीने, मोजून ठेवल्यासारखे.

माझी चूक वेगळी होती. मनी प्लांटला मी रात्री नऊला तांब्याभर पाणी घालायचे. सकाळी खालच्या लाकडी कपाटावर गोल डाग! कुंडी गळतेय समजून दोन ताटल्या बदलल्या. शेवटी पाणी सकाळी घालायला लागले आणि डाग थांबले. म्हणून पाणी तोडू मात्र नका. वरची माती बोटाला कोरडी लागली की द्या.

थेंब सुकून पांढुरकी खरपुडी धरते. ती बुरशी नव्हे, क्षार. ओल्या फडक्याने पुसा. सोबत टोकंही करपत असतील तर खताचा हात आवरा, आणि एकदा कुंडीत भरपूर पाणी ओतून ते तळातून वाहू द्या.

कोबीत मात्र हीच जलरंध्रं घाण्या रोगाच्या (ब्लॅक रॉट) जिवाणूला आत घेतात. कडेपासून आत निमुळता होत जाणारा पिवळा त्रिकोण आणि त्यात काळ्या शिरा दिसल्या, तर ते पान काढून टाका. पानं ओली असताना वाफ्यात हात घालू नका.

आणि मका. पेरण्याआधी बियाण्याला निओनिकोटिनॉइड गटाचं कीटकनाशक चोळलेलं असेल, तर त्या कोवळ्या रोपांच्या थेंबांत मधमाशी मरेल इतकं ते उतरतं, हे 2009 मध्ये इटलीतल्या संशोधकांनी दाखवलं. शेजारी मधपेट्या असतील तर त्यांच्याजवळ स्वच्छ पाण्याचं उथळ भांडं ठेवा.