पहाटे तीनला जाग, छातीत धडधड: मला काय लागू पडलं

मी अकाउंट्स बघते. दर महिन्याच्या 11 आणि 20 तारखेला जीएसटी रिटर्नची मुदत, आणि त्याआधी चार-पाच रात्री पहाटे तीनला टक्क जाग यायची. छातीत धडधड, दातांवर दात आवळलेले. ईसीजी, थायरॉइड नॉर्मल. हळद-दूध, लवकर आडवं होणं, मोबाइलवर पावसाचा आवाज, सगळं करून झालं. अक्षरशः वैतागले होते.

उपयोग झाला तो असा. दुपारी चारनंतर चहा बंद. रात्री आठला जेवणाच्या टेबलावर (अंथरुणात नाही) वही: डावीकडे चिंता, उजवीकडे तिचं पुढचं एकच काम आणि वेळ. 'पार्टीचं बिल जुळत नाही' यासमोर 'उद्या साडेदहाला फोन'. वही मिटायची, फोन स्वयंपाकघरात चार्जिंगला. तरी जाग आलीच तर घड्याळ बघायचं नाही. वीसेक मिनिटं गेल्यासारखी वाटली की हॉलमध्ये मंद दिव्यात बसायचं, चार आकडे मोजत श्वास आत, सहा मोजत बाहेर. डोळे जडावले की मगच परत. सकाळी सहालाच उठायचं, रविवारीही. हे सगळ्यात जड गेलं.

तिसऱ्या आठवड्यात फरक पडला. या 19 तारखेच्या रात्री जाग आली, पण पाणी पिऊन झोपले.