तीर्थनच्या पाण्यात उतरण्यापूर्वी: फ्लाय फिशिंगसाठी बूट, वेडर आणि कपडे

हिमाचल प्रदेशातील कुल्लू जिल्ह्यात वाहणारी तीर्थन नदी ग्रेट हिमालयन राष्ट्रीय उद्यानातील बर्फाळ डोंगरांतून उतरते. ब्रिटिश काळात या भागातील नद्यांत आणून सोडलेला ब्राऊन ट्राउट हा मासा तिच्या थंड पाण्यात आजही टिकून आहे. गळावर पिसे आणि दोरा यांनी बांधलेली बनावट माशी वापरून तो पकडायला, म्हणजे फ्लाय फिशिंग, शिकणारे लोक सहसा काठी आणि रीळ यांच्या निवडीत अडकतात. माझे आग्रहाचे सांगणे असे, की पहिला पैसा पायांवर खर्च करावा. काठी मार्गदर्शकाकडून उसनी मिळू शकते, पण दुसऱ्याच्या मापाचे बूट घालून गोट्यांवर उभे राहणे धोक्याचे असते.

तीर्थनचे पात्र गोल, गुळगुळीत गोट्यांनी भरलेले असून त्यांवर शेवाळाचा पातळ थर असतो. सह्याद्रीतील कोरड्या कातळावर उत्तम पकड देणारे ट्रेकिंगचे बूट इथे घसरतात, कारण कठीण रबराला त्या बुळबुळीत थराखालचा दगड सापडतच नाही. वेडिंग बुटांचे, म्हणजे पाण्यात चालण्यासाठीच्या बुटांचे, तळवे प्रामुख्याने दोन प्रकारचे असतात. फेल्टचा, म्हणजे दाबलेल्या तंतूंचा तळवा शेवाळावर चांगला टिकतो, मात्र तो लवकर वाळत नाही आणि एका नदीतील सूक्ष्म जीव दुसऱ्या नदीत वाहून नेऊ शकतो. डिडिमो नावाच्या शैवालाचा फैलाव रोखण्यासाठी न्यूझीलंडने 2008 मध्ये अशा तळव्यांवर बंदी घातली ती याच कारणाने. दुसरा प्रकार मऊ रबराचा असून त्यात धातूचे खिळे बसवता येतात. नवशिक्याने हा खिळ्यांचा रबरी तळवा घ्यावा असे मला वाटते, कारण काठावरच्या मातीच्या वाटेवरही तो चालतो आणि धुऊन लवकर स्वच्छ होतो.

बुटाचे माप घेताना आत जे मोजे घालायचे आहेत ते सोबत न्यावेत. बहुतेक वेडरना, म्हणजे पायांपासून वर चढवायच्या जलरोधक पोशाखाला, निओप्रीन या फोमसारख्या रबराचे जाड मोजे जोडलेलेच असतात आणि त्यांच्या आत लोकरीचे मोजे घालावे लागतात, त्यामुळे नेहमीपेक्षा एक माप मोठा बूट लागतो. बूट आवळला तर पायाचा रक्तप्रवाह मंदावतो, मोज्यातील उबदार हवा दाबली जाते, आणि चांगल्या प्रतीची लोकर असूनही अर्ध्या तासात बोटे बधिर होतात. सर्व थर चढवून बोटे मोकळेपणाने हलवता आली पाहिजेत.

वेडर घ्यावेत की नाही, हे महिन्यावर ठरवावे. हिमाचलमध्ये नोव्हेंबर ते फेब्रुवारी ट्राउटची मासेमारी बंद असते, आणि जुलै-ऑगस्टमध्ये नदी गढूळ व फुगलेली असते. मार्च-एप्रिलमध्ये पाणी फार गार असल्याने छातीपर्यंतचे, हवा खेळती ठेवणारे वेडर उपयोगी पडतात. कमरेइतक्या पाण्यात जाण्यासाठी नव्हे, तर गुडघाभर पाण्यात तोल जाऊन बसकण झाली तरी अंग कोरडे राहावे म्हणून. जाड निओप्रीनचे वेडर उबदार असतात, पण चढण चालताना आत घामाच्या धारा लागतात. मे-जूनच्या उन्हात पटकन वाळणारी पँट, निओप्रीनचे मोजे आणि वेडिंग बूट एवढ्यावर काठालगत थोडा वेळ उभे राहता येते. पावसाळी भटकंतीसाठी घेतलेली पँट त्यासाठी पुरेशी आहे. वेडर विकत घेण्यापूर्वी दुकानातच ते घालून उकिडवे बसावे आणि एक पाय खुर्चीवर ठेवून पाहावा. गुडघ्यात किंवा काखेत कापड ताणले जात असेल तर शिवण लवकर उसवते.

वेडरवर कमरेला पट्टा घट्ट बांधलाच पाहिजे. पडल्यावर आत शिरणारे पाणी तो बऱ्याच अंशी थोपवतो, आणि भरलेल्या वेडरमध्ये काठावर चढताना जी दमछाक होते ती वाचवतो.

आतील कपड्यांत सुती काहीही नको. पाण्याची उष्णतावाहकता हवेच्या सुमारे 24 पट आहे, आणि ओले सूत ते पाणी अंगाला चिकटवून ठेवते. मेरिनो लोकरीचा किंवा पॉलिएस्टरचा थर, त्यावर फ्लीस हे लोकरीसारखे मऊ कृत्रिम कापड, आणि सर्वांत वर खालची कड पाण्यात न बुडेल असे आखूड पावसाळी जॅकेट अशी रचना असावी. रंग शेवाळी, करडा किंवा मातकट घ्यावा, कारण उथळ, नितळ पाण्यातील ट्राउटला काठावरचा पांढरा शर्ट चटकन दिसतो. शर्टाला कॉलर असावी; नवशिक्याची माशी मागून परतताना मानेजवळूनच जाते. त्याच कारणासाठी रुंद काठाची टोपी आणि चष्मा हवा. चष्मा पोलराइज्ड असेल तर पाण्यावरची चकाकी कमी होऊन पाय ठेवण्याआधी तळातला दगड दिसतो.

हाताला टेकायची काठी घ्यावी आणि प्रवाहाकडे छाती किंवा पाठ न करता कूस करून, एक पाय पक्का बसल्यावरच दुसरा सरकवावा. उन्हाळ्यात दुपारनंतर बर्फ वितळून पाणी चढते, म्हणून सकाळी सहज ओलांडलेली जागा परतताना तशीच असेल असे धरू नये. तीर्थनवर मोठे धरण नाही, परंतु खाली बियासवर लारजी धरण आहे. 8 जून 2014 रोजी त्यातून सोडलेल्या पाण्यात थलौटजवळ हैदराबादचे 24 विद्यार्थी वाहून गेले. धरणाखालच्या पात्रात कितीही चांगले बूट घालून उतरू नये.

मुक्कामी परतल्यावर बूट घासून धुवावेत. वेडर आधी आतून बाहेर उलटे करून सावलीत टांगावेत, आतली बाजू वाळली की सुलटे करून पुन्हा टांगावेत. ओले घडी करून पिशवीत ठेवलेल्या वेडरला बुरशी लागते आणि शिवणींवरची पट्टी सुटू लागते.