घोडा खच्ची केल्यानंतरचे दोन आठवडे: या चुका टाळा

खच्चीकरणाची शस्त्रक्रिया तशी छोटी. डॉक्टर काम आटोपून निघतात, घोडा थोड्या वेळात अडखळत उठतो आणि मालकाला वाटतं, सुटलो. खरा त्रास पुढच्या दिवसांत होतो, आणि त्यातला बराचसा आपल्या मायेपोटीच होतो. दुखतंय म्हणून उभा ठेवला, जखम उघडी दिसते म्हणून झाकली, सूज आली म्हणून फिरवणं बंद केलं. जीव तुटतो हे खरं, पण या जखमेला वेगळी वागणूक लागते.

इथे बोलतोय ते नेहमीच्या पद्धतीबद्दल. म्हणजे दोन्ही वृषण खाली उतरलेले होते, अंडकोशाला खालून छेद देऊन ते काढले आणि टाके न घालता जखम उघडी ठेवली. एखादा वृषण पोटातच राहिला होता म्हणून पोटातून काढला असेल, किंवा कातडीला टाके घातले असतील, तर फिरवण्याचा हिशेब पूर्ण बदलतो. तिथे डॉक्टर सांगतील तेवढंच करायचं.

घोड्याला उभं ठेवणं

सगळ्यात जास्त घोडे या एका चुकीने आजारी पडतात, म्हणून यावर जरा सविस्तर.

पहिले 24 तास विश्रांती हवीच. वृषणाकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या डॉक्टरांनी अवजाराने चिरडून बंद केलेल्या असतात. तिथे रक्त नीट गोठायला वेळ द्यावा लागतो. स्वच्छ, कोरड्या, शांत जागेत त्याला एकटं ठेवा. खाली गवताचा पेंढा टाका. लाकडाचा भुसा नको, तो ओल्या जखमेला चिकटून आत जातो.

दुसऱ्या दिवसापासून मात्र त्याला चालवायचं. छेद मुद्दाम सगळ्यात खालच्या जागी दिलेला असतो, कारण आत साचणारं पाणी आणि रक्त तिथून गळून जायला हवं. घोडा उभा राहिला की कातडीच्या कडा एकमेकींना चिकटतात, बाहेरची वाट बंद होते आणि पाणी आतच कोंडतं. त्यातून सूज, सुजेतून दुखणं, दुखण्यामुळे आणखी उभं राहणं. जंतूंना याहून चांगली सोय नाही.

दिवसातून दोनदा, प्रत्येक वेळी 15 ते 20 मिनिटं, साधारण दोन आठवडे. आधी हाताने चालवा, मग लांब दोरीवर गोल फिरवत दुडकी चालीवर आणा. सुरुवातीला तो मागचे पाय आखडून, तोकडी पावलं टाकेल, कान मागे पाडेल, थांबू पाहील. पाच-सात मिनिटांनी पावलं मोकळी होतात आणि जखमेतून गुलाबीसर पाणी ठिबकायला लागतं. ते पाहून घाबरू नका, ते बाहेर पडावं म्हणूनच हा सगळा खटाटोप.

“मोकळ्या कुरणात सोडलाय, फिरतोच की” हे अनेकजण सांगतात. फिरत नाही. दुखऱ्या अंगाचा घोडा एका कोपऱ्यात मान घालून चरत राहतो. कुरणात जरूर सोडा, पण तो व्यायाम धरू नका.

सूज आली की धसका घेणं, किंवा अजिबात लक्ष न देणं

सूज येणारच. तिसऱ्या दिवसापासून वाढते, साधारण पाचव्या-सहाव्या दिवसापर्यंत सगळ्यात जास्त असते, मग उतरत जाते. अंडकोश आणि लिंगाचं आवरण सुजतं, कधी पाणी पोटाखाली पुढेही उतरतं. बोटाने हलकेच दाबलं तर खळगा पडतो आणि थोडा वेळ तसाच राहतो. अशी सूज असून घोडा चारा खातोय, डोळ्यात तरतरी आहे, फिरवल्यावर सूज कमी होतेय, तर गाडी रुळावर आहे.

तापमान मात्र रोज दोनदा मोजा. नुसता अंगाला हात लावून ताप कळत नाही. थर्मामीटरला दोरी बांधा म्हणजे तो आत सरकणार नाही, गुदद्वारात घालून मोजा आणि आकडा तारखेसह लिहून ठेवा. व्यायामाच्या आधी मोजा, कारण धावल्यावर अंग तापतंच. दुखण्याचं औषध चालू असेल तर ते देण्याच्या आधी मोजा. त्या औषधाने ताप झाकला जातो. निरोगी मोठ्या घोड्याचं तापमान 37.5 ते 38.5 अंश सेल्सिअस असतं. त्याच्या वर गेलं, किंवा चारा सोडला, पाय ओढायला लागला, सूज कडक आणि गरम लागली, जखमेतून घाण वासाचा पू आला, तर त्याच दिवशी डॉक्टरांना बोलवा. जखम चिकटून बंद झालेली दिसली तर स्वतः बोट किंवा काडी घालू नका. डॉक्टर निर्जंतुक हातमोजा घालून ती उघडतात आणि कोंडलेलं पाणी काढून देतात.

जखमेवर काहीतरी लावत राहणं

मलम, पावडर, तेल यातलं काहीही आत भरू नका. त्याने खपली धरते आणि निचरा थांबतो. माश्यांसाठीचं औषध जखमेच्या भोवती लावा, आत नको. पाण्याचा मारा करायचा तर पहिला दिवस गेल्यावर, डॉक्टरांना विचारून, हळू धारेने, मांडीच्या आतल्या बाजूला आणि सुजेवर. जोराची धार थेट छेदात सोडली की मळ आत ढकलला जातो.

रक्ताचा अंदाज चुकणं

पहिल्या दिवशी थेंब थेंब रक्त पडणं नेहमीचं आहे. थेंब मोजता येत असतील आणि वेग कमी होत असेल तर लांबून लक्ष ठेवा. धार लागली, किंवा 15 मिनिटांनंतरही थेंब भराभर पडतच असतील, तर फोन करा. तोवर घोड्याला हलवू नका, आवाज नको, गर्दी नको. डॉक्टरांशी बोलल्याशिवाय जखमेत काही कोंबू नका.

लोंबणारी गोष्ट ओढून पाहणं

हे क्वचित घडतं, पण घडलं तर एकेक मिनिट मोलाचं. जखमेतून गुलाबी-लाल, ओलं, नळीसारखं काही लोंबत असेल तर ते आतडं असू शकतं. बहुतेकदा हे पहिल्या काही तासांत होतं, पण पुढच्या काही दिवसांतही होऊ शकतं. ओढू नका, कापू नका. घोड्याला जागेवर उभं ठेवा, स्वच्छ चादर स्वच्छ पाण्यात भिजवून झोळीसारखी खालून धरा, म्हणजे ते आणखी खाली येणार नाही आणि पायाखाली जाणार नाही. दुसऱ्या माणसाला लगेच फोनवर बसवा. पांढुरकी बारीक दोरी दिसली तर तो नुसता उरलेल्या मांसाचा धागाही असेल, पण ते तुम्ही ठरवू नका. फोटो काढून डॉक्टरांना पाठवा.

गुंगी उतरण्याआधी चारा देणं

अर्धवट गुंगीत घास घशात अडकतो. मान ताठ, पाय स्थिर झाल्यावरच द्या. लीद नेहमीसारखी पडते का तेही बघा. गुंगीच्या औषधाने लिंग बाहेर लोंबकळतं, ते काही तासांत आत जायला हवं. गेलं नाही तर डॉक्टरांना कळवा, सुजून ते कायमचं निकामी होऊ शकतं.

धनुर्वाताची लस गृहीत धरणं

घोडा धनुर्वाताला फार लवकर बळी पडतो आणि त्याचे जंतू माती-लिदीत असतातच. लस झाली आहे का हे शस्त्रक्रियेच्या आधी कागदावर पाहा, आठवणीवर नको. जखम भरत आल्यावरही लक्षणं दिसू शकतात: अंग ताठ, शेपटी उचललेली, जबडा उघडेना, डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यातून पांढरट पडदा पुढे येतो.

दुखण्याच्या औषधाचा डोस स्वतः वाढवणं

करू नका. दोन वेगवेगळी दुखण्याची औषधं एकत्र दिली तर पोटात अल्सर आणि मूत्रपिंडाला इजा होऊ शकते.

लगेच घोड्यांच्या कळपात सोडणं

खच्ची केलेल्या घोड्याच्या नळ्यांमध्ये आधीचं वीर्य शिल्लक असतं, म्हणून किमान महिनाभर घोडीपासून लांब ठेवा. स्वभाव निवळायला आठवडे, कधी महिने लागतात, आणि काही घोड्यांत थोडा नरपणा कायम राहतो. तो शिकवण्याने आटोक्यात येतो, त्यासाठी शस्त्रक्रिया नीट झाली नाही असं धरून बसू नका.

महिन्या-दोन महिन्यांनी किंवा त्याहून उशिराही त्या जागी हात लावून बघत जा. मऊ, न दुखणारा फुगा लागला तर बहुधा पाणी साचलेलं असतं. डॉक्टरांना सवडीने दाखवा. पण कडक गाठ लागली, त्यातून अधूनमधून पू येत असेल, तर वृषणाकडे जाणाऱ्या नळी-रक्तवाहिन्यांच्या कापलेल्या टोकाला जुनाट संसर्ग झालेला असण्याची शक्यता मोठी. औषधाने ती काही दिवस सुकते आणि पुन्हा फुटते. बहुतेक वेळा ते टोक शस्त्रक्रियेनेच काढावं लागतं.