कमी पैशांत कार्यक्रम करणारा समोर आला, की या चुका टाळा

"सर, आम्हाला साडेतीनमध्ये एक जण मिळतोय. तुमचं काय ते फायनल सांगा."

फोन नाशिकच्या पाथर्डी फाट्यावरून होता. मुलाचा पाचवा वाढदिवस, रविवारची संध्याकाळ, सोसायटीची गच्ची. मी जादूच्या कार्यक्रमाचे आठ हजार सांगितले होते. हे वाक्य ऐकलं आणि माझ्या तोंडून सहा निघाले. पलीकडून काही आवाज येईना, म्हणून मीच पुन्हा पाचावर आलो. त्यांनी लगेच हो म्हटलं.

कार्यक्रम चांगला झाला. केक कापल्यावर यजमानांच्या मेहुण्यांनी माझा नंबर घेतला आणि पंधरा दिवसांनी गंगापूर रोडवरून त्यांचा फोन आला. "दाजींकडे पाच घेतले ना? मग आमच्याकडे चारात करा, तुम्हाला जवळच पडेल." तो साडेतीनवाला कलाकार कोण, किती वेळ करतो, काय करतो, यातलं एक अक्षर मी त्या दिवशी विचारलं नव्हतं. भाव त्याने पाडला नव्हता. मी पाडला होता, एका मिनिटात, फोनवर.

नाशिकमध्ये अठरा वर्षं जादूचे आणि मुलांचे कार्यक्रम करतोय. वाढदिवस, शाळांची स्नेहसंमेलनं, सातपूर-अंबडच्या कंपन्यांचे फॅमिली डे, गणेशोत्सवातली मंडळं. अँकरिंग करणारे, फुग्यांची सजावट आणि खेळ करणारे, गाणारे, डीजेवाले असे सगळे हल्ली भेटले की एकच विषय काढतात : पोरं निम्म्या पैशांत सुपाऱ्या घेतात, आपण जगायचं कसं? त्यांचा त्रास खरा आहे. पण या त्रासातला मोठा भाग आपल्याच चुकांनी वाढतो, हे मला स्वतःच्या चुकांतून कळलं.

आकडा आधी, चौकशी नंतर

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. फोन आला, "किती घेता?" विचारलं आणि आपण आकडा सांगून मोकळे झालो. मग समोरच्याच्या हातात दोनच गोष्टी उरतात : तुमचा आकडा आणि दुसऱ्याचा आकडा. तो कमी आकडा घेणारच, त्याचं काय चुकलं?

मी आता आधी विचारतो. मुलं किती येतील? वयं काय? हॉल आहे, घर आहे की गच्ची? केक आधी की कार्यक्रम आधी? विचारण्यामागे काम असतं. गच्चीवर संध्याकाळी वारा सुटतो, पत्ते हातातून उडतात, हलके रुमाल हवे तसे पडत नाहीत. म्हणून तिथे मी जाड दोरी, लोखंडी रिंगा आणि जड डबे असलेले प्रयोग घेतो. चार-पाच वर्षांची मुलं असतील तर हात कापण्याचा खोटा सुरा पेटीतच राहतो, कारण त्या वयाची दोन मुलं तरी रडून आईकडे पळतात आणि मग कार्यक्रम परत बसवायला दहा मिनिटं जातात. आठ-दहा वर्षांची मुलं मात्र त्याच सुऱ्यासाठी पुढे सरकून बसतात. केक आधी कापला तर मुलांचे हात क्रीमने भरलेले असतात आणि प्रयोगाला बोलावलेला मुलगा रिंगा चिकट करून ठेवतो.

हे मी फोनवर यजमानांना सांगतो. ऐकता ऐकता त्यांचा सूर बदलतो, कारण आईबापाला आपल्या गच्चीचा आणि आपल्या पोराचा विचार केलेला माणूस सापडलेला असतो. त्यानंतर आकडा सांगायचा, आणि त्यात काय काय आलं तेही सांगायचं : 50 मिनिटं, स्वतःचा स्पीकर आणि कॉलर माइक, सोबत मदतनीस, प्रत्येक मुलाला एक फुगा, अर्धा तास आधी हजर.

तरीही "दुसरा साडेतीनमध्ये करतो" आलंच, तर माझं उत्तर ठरलेलं आहे : "चांगलं आहे. फक्त एवढं विचारून घ्या, किती वेळ करतात, साउंड त्यांचा की तुमचा, आणि आयत्या वेळी काही अडचण आली तर बदली कोण येणार. जुळत असेल तर त्यांनाच घ्या. उद्या संध्याकाळपर्यंत तारीख तुमच्यासाठी राखून ठेवतो." आवाज चढवायचा नाही, पण गयावयाही करायची नाही. काही जण परत येतात, काही येत नाहीत.

पैसे कमी, काम तेवढंच

यजमानांचं बजेट खरंच कमी असतं, हे मान्य करायला हवं. सिडकोतल्या दोन खोल्यांच्या घरातलं पहिलं बारसं आणि संभाजीनगर रोडच्या लॉन्सवरचं लग्न यांना एकच मापं लावून चालत नाही. पण रक्कम उतरली की कामही उतरलं पाहिजे. पाच हजार असतील तर 30 मिनिटं, मदतनीस नाही, फुगे नाहीत. किंवा रविवारऐवजी बुधवार. तेच सगळं काम कमी पैशांत दिलं, तर पहिल्यांदा सांगितलेले आठ खोटे होते असंच समोरचा धरतो, आणि त्याला दोष देता येत नाही.

स्वतःचा खर्च न मांडता दर ठरवणं

दर ठरवताना आपण दुसऱ्याच्या दराकडे बघतो, स्वतःच्या वहीकडे बघत नाही. माझ्या एका घरगुती कार्यक्रमाचा साधा हिशोब मांडतो. मदतनीस 1000, गाडी-पेट्रोल 500, फुगे आणि संपणारं सामान 700, स्पीकर-माइकची दुरुस्ती आणि बॅटऱ्या 400, जाहिरात-फोन-छपाई 600. एकूण 3200. आठ हजारांतले 4800 हातात राहतात.

आता दर सहा हजार केला. दर पाव हिश्शाने उतरला असं वाटतं, पण हातात येतात 2800. म्हणजे कमाई चाळीस टक्क्यांहून जास्त घसरली. आठ हजारांच्या दहा कार्यक्रमांत 48,000 मिळत होते. सहा हजारांचे सतरा कार्यक्रम केले तरी 47,600 होतात. महिन्यात शनिवार-रविवार मिळून आठ ते दहाच दिवस असतात, तर सतरा कार्यक्रम बसवायचे कुठे? आणि साडेतीन हजारांत केला, तर पूर्ण संध्याकाळचे 300 रुपये उरतात. हा आकडा मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलाय. फोनवर कुणी घासाघीस करायला लागलं की पान उघडतो.

तुमचे आकडे वेगळे असतील. अँकरला सामान लागत नाही, पण कपडे लागतात. डीजेवाल्याला टेम्पो आणि माणसं लागतात. मांडून बघा. ज्या रकमेखाली घरी बसणं परवडतं ती रक्कम एकदा कळली, की नाही म्हणताना जीभ अडखळत नाही.

मधल्या माणसाचं बोलणं न पडताळता मान्य करणं

हे जरा सविस्तर सांगतो, कारण यात मी दोन हंगाम फसलो.

एक इव्हेंटवाला मला नियमित काम द्यायचा. हळूहळू त्याचं सुरू झालं : "दादा, सिडकोतला एक मुलगा तीनमध्ये तयार आहे. तुमच्यासाठी चार करतो, पण त्यावर नाही." मी त्या मुलावर मनातून चिडलेलो. त्याचा चेहरा पाहिला नव्हता, तरी हा आपलं पोट मारतोय असं वाटायचं. मीही चारात कामं घेत गेलो.

मग एका शाळेच्या संमेलनात तो मुलगा आणि मी एकाच दिवशी होतो, मी सकाळच्या सत्रात आणि तो दुपारच्या. पडद्यामागे चहा घेताना त्यानेच विषय काढला. चाचरत म्हणाला, "दादा, राग मानू नका, पण तुम्ही एवढे सीनिअर असून अडीचमध्ये करता, मग आम्ही तीन कसे मागायचे?" मी कप खाली ठेवला. अडीचमध्ये मी आयुष्यात त्या इव्हेंटवाल्याचं काम केलेलं नव्हतं. दोघांनी मोबाइल काढून जुने मेसेज समोरासमोर धरले. त्याला माझं नाव सांगून खाली ओढलं होतं आणि मला त्याचं.

सगळेच इव्हेंटवाले असे नसतात. वेळेवर पैसे देणारे, कलाकाराला मानाने वागवणारे मला भेटले आहेत, आजही त्यांचं काम करतो. पण "तो अमुक घेतो" हे तिसऱ्याच्या तोंडून कळलं, तर त्या "तो"ला एक फोन करायला काहीच लागत नाही. त्या मुलाचे आणि माझे संबंध आता असे आहेत, की एकाच दिवशी दोन तारखा आल्या तर एक मी त्याला देतो आणि मला ताप आला तर माझा कार्यक्रम तो सांभाळतो. ज्याच्यावर दोन वर्षं चिडलो, तोच आज माझा बदली कलाकार आहे.

नावं ठेवणं, आणि सगळ्यांनी मिळून दर बांधणं

स्वस्तात करणाऱ्याबद्दल यजमानांजवळ वाईट बोलू नये. मंडपवाला, केटरर, लॉन्सचा मॅनेजर, फोटोग्राफर सगळे एकमेकांना ओळखतात. सकाळी बोललेलं संध्याकाळपर्यंत पोचतं. व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर एखाद्याला नाव घेऊन फसवा म्हणणं तर बदनामीच्या कलमात बसू शकतं.

दुसरा उपाय बरेच जण सुचवतात : सगळ्या कलाकारांनी बसून एक दर ठरवायचा, त्याखाली कुणी जायचं नाही. भावना मला समजते, पण तो रस्ता सोडून द्या. एकाच धंद्यातल्या स्पर्धकांनी आपसात किंमत ठरवणं 2002 च्या स्पर्धा कायद्याच्या कलम 3 मध्ये निषिद्ध आहे. शिवाय पितृपक्षात हातात एकही काम नसलं की पहिला फुटणारा त्याच बैठकीतला असतो. एकत्र येऊन करण्यासारखं दुसरं पुष्कळ आहे. बदली कलाकारांची यादी, सामानाची देवाणघेवाण, इसार, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतल्याशिवाय तारीख पक्की न धरण्याची सवय.

सरशी करण्यासाठी भलतं काही वाढवणंही टाळा. कुणी ससा-कबुतर आणतो म्हणून आपणही आणायचं, असं करू नका. प्राण्यांवरील क्रूरता रोखणाऱ्या 1960 च्या कायद्यानुसार प्राण्यांचे खेळ दाखवायला नोंदणी लागते. आगीचे प्रयोग मंडपात कापडाखाली तर नकोच.

तोंडी बोलणं आणि विना इसार तारीख

आठवडा राहिला असताना यजमानांना स्वस्त माणूस मिळतो आणि आपली तारीख जाते, ही तक्रार नेहमीची आहे. इसार घेतला नसेल तर धरून ठेवायला हातात काय असतं? मी निम्मी रक्कम आधी घेतो आणि त्याच वेळी एक मेसेज पाठवतो : तारीख, पत्ता, सुरू करायची वेळ, किती मिनिटं, काय काय येणार, बाकी रक्कम कधी, रद्द झालं तर इसाराचं काय. यजमानांकडून "ओके" आलं की तारीख पक्की.

लॉन्सवरच्या लग्नात यात एक ओळ जास्त घालतो. लाउडस्पीकर रात्री 10 ते सकाळी 6 बंद ठेवावा लागतो, आणि वरात लांबली की कार्यक्रम पावणेदहाला सुरू करा म्हणतात. दहाला माइक बंद होईल आणि रक्कम ठरलेलीच राहील, हे आधी लिहून दिलेलं असलं की रात्री वाद होत नाही. 2027 च्या सिंहस्थात पर्वणीच्या आसपासच्या तारखा पंचवटी किंवा त्र्यंबक रस्त्याच्या बाजूला घेणार असाल, तर गाडी आत जाण्याचा प्रश्नही आताच विचारून ठेवा.

कागद नीट असले की एक मोठं दार उघडं राहतं, ते म्हणजे कंपन्यांचं. तिथे खरेदी विभाग तीन कोटेशनं मागवतो, पण सोबत पॅन, बँकेचा तपशील आणि रीतसर बिलही मागतो. निम्म्या पैशांत करणारे पुष्कळ जण इथेच थांबतात. लहान व्यवसायांसाठीची सरकारी उद्यम नोंदणी ऑनलाइन आणि मोफत होते. सेवा देणाऱ्याची वार्षिक उलाढाल 20 लाखांच्या आत असेल तर जीएसटी नोंदणी सहसा लागत नाही. काही कंपन्या ती मागतात, म्हणून आधीच विचारावं. पैसे यायला महिना-दीड महिना लागतो, टीडीएस, म्हणजे आयकराचा हिस्सा, आधीच कापून येतात, तेही दर सांगताना धरून चाला.

काम गेलं की दरालाच दोष देणं

तारखा कमी झाल्या की "मार्केट पडलं" म्हणून आपण दर उतरवतो. आधी शोध घ्या. मी वहीत प्रत्येक चौकशीसाठी एक ओळ ठेवतो : कुठून आली, काय सांगितलं, काम झालं की गेलं, का गेलं. शेवटचा रकाना भरण्यासाठी गेलेल्या यजमानांना आठ-दहा दिवसांनी फोन करतो. "कार्यक्रम कसा झाला? पुढच्या वेळी माझ्याकडून काय वेगळं हवं?" एवढंच. लोक मोकळेपणाने सांगतात. कुणी म्हणालं, तुमचा व्हिडिओ मागितला तो दोन दिवसांनी आला. कुणी म्हणालं, व्हिडिओत मुलं दिसतच नव्हती, फक्त तुम्ही दिसत होता. एका ताईंनी सांगितलं, आम्हाला मराठीतून करणारा हवा होता आणि तुमच्या जाहिरातीत सगळं इंग्रजीत होतं. या तिघांसाठी मी दर उतरवला असता तरी काम मिळालं नसतं.

हे दुरुस्त करायला पितृपक्षाचे पंधरा दिवस मी राखून ठेवतो, तसंही तेव्हा घरगुती कामं नसतात. मुलांचे चेहरे दिसतील असा दोन मिनिटांचा व्हिडिओ, अर्थात पालकांना विचारून घेतलेला. जाहिरात मराठीत. खर्चाची वही नव्याने मांडायची आणि दर वाढवायचा असेल तर तो तुळशीच्या लग्नानंतरच्या तारखांपासून लावायचा. आधी इसार घेतलेल्यांना जुनाच दर.