बजेटमधली सिगार चाखून बघायची कशी

आधीच सांगून टाकतो, सिगारचा धूर छातीत घ्यायचा नसला तरी तोंडाच्या कॅन्सरचा धोका असतोच, त्यामुळे ओढत नसाल तर हे वाचून सुरू करू नका. महिन्यातून एखादी ओढणारे आणि दुकानात दहा डॉलर खिशात घेऊन गोंधळून उभे राहणारे, त्यांच्यासाठी लिहितोय. मी स्वतः ह्यूस्टनला असाच बरीच वर्षं उभा राहिलोय.

प्रीमियम हा शब्द बॉक्सवर कोणीही छापतं. आपण बघायचं ते एवढंच की हाताने वळलेली आहे, वरचं रॅपर खरंखुरं तंबाखूचं पान आहे आणि आतला फिलर लांब पानांचा आहे. मशीनवरच्या स्वस्त मालात आत चुरा कोंबलेला असतो, तो जिभेवर येतो आणि राखही लगेच गळून पडते.

उदाहरण म्हणून पाद्रोन २००० घेऊ, ५ इंच लांब, जाडी ५० रिंग (रिंग म्हणजे इंचाचा ६४ वा भाग). क्यूबातून आलेल्या होसे ओर्लांदो पाद्रोन यांनी १९६४ ला मायामीत धंदा सुरू केला आणि १९७० मध्ये निकाराग्वातल्या एस्तेलीला कारखाना नेला, तंबाखू तिकडचीच. याच कंपनीच्या अॅनिव्हर्सरीवाल्या सिरीज खूप महाग, ही साधी सिरीज त्यामानाने खिशाला परवडते. नॅचरल आणि मडुरो अशा दोन रॅपरमध्ये मिळते, मडुरो म्हणजे जास्त मुरवलेलं काळपट पान. पहिल्यांदा घेत असाल तर नॅचरल घ्या.

आणि घ्यायची तर एकदम तीन घ्या, एकीवर निकाल देऊ नका. हाताने वळलेली आहे हो, एखादी गच्च येतेच. मी एका सिगारला एकदा "भिकार" म्हणून मोकळा झालो होतो, मग दोन महिन्यांनी मित्राने तीच दिली आणि गप्प बसायची वेळ आली. आणल्या आणल्या पेटवू नका. झिपलॉकच्या पिशवीत ६५ टक्क्यांचं ह्युमिडिटी पॅक (ओलावा तेवढाच राखणारी पुडी) टाकून आठ-दहा दिवस ठेवा, ओली सिगार विझत राहते आणि कडवट लागते.

पेटवायच्या आधी सिगार दोन बोटांत हलकी दाबत वरून खालपर्यंत जा, मऊ खड्डा किंवा दगडासारखी गाठ लागली तर जळताना तिथेच त्रास देणार. मग कापा, तोंडात धरायच्या बंद टोकावर जी टोपी असते तिचा फक्त वरचा पातळ भाग, दीड-दोन मिलिमीटर. मी पहिल्या वेळी जोशात अर्धा सेंटीमीटर उडवला आणि रॅपर कांद्याच्या सालीसारखं सुटत गेलं, ते एका हाताने धरून ठेवतच मी ती सिगार संपवली म्हणा. कापल्यावर न पेटवताच एक झुरका घ्या, हा कोल्ड ड्रॉ. हवा स्ट्रॉमधून ओढल्यासारखी आली पाहिजे, आणि इथेच पहिली चव लागते, मला बहुतेक वेळा काळ्या मनुका आणि सुकं गवत.

पेटवताना ज्योत पानाला टेकवू नका, थोडी लांब धरून फिरवत कडा तांबूस करा. नंतर मिनिटाला एक झुरका, याहून जास्त नाही, कारण भराभर ओढली की तापते आणि नुसता कडूपणा उरतो. पोटात काहीतरी असू द्या, एकदा उपाशीपोटी अर्ध्या तासात संपवली आणि पॅटिओवरच गार घाम फुटला, बायकोने साखरपाणी दिलं आणि वर जे ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. निकाल द्यायचा असेल त्या दिवशी सोबत साधं पाणी ठेवा, व्हिस्की चव झाकते.

खरी मजा नाकात आहे. धूर तोंडात धरा, खाली न ओढता त्यातला थोडासा नाकाने सोडा, तिखटपणा तिथे कळतो. पाद्रोन २००० या सिगारमध्ये सुरुवातीला काळी मिरी येते, फोडणीचा ठसका बसल्यासारखं, मग लांबीचे तीन भाग धरले तर मधल्या भागात कोको आणि भाजलेले दाणे. म्हणून पहिल्या दहा मिनिटांवर मत बनवू नका, तिन्ही भागांचं वेगळं लिहा. आणि पॅकेटवरचे शब्द उचलू नका! कोणी लेदर म्हणालं म्हणून तुम्हाला चामडं लागलंच पाहिजे असं काही नाही, तुम्हाला जर आजीच्या घरातल्या गोणपाटाचा वास आला तर गोणपाट लिहा, ते जास्त उपयोगी आहे.

जळणं पण बघा. एक बाजू पुढे पळाली तर एकदा लायटरने सरळ करून घ्या, दोन-तीनदा करावं लागलं तर मार्क कापा. राख इंचभर टिकली तर छान, पण राखेचा रंग बघून कोणी ज्ञान द्यायला लागलं तर मी ऐकून सोडून देतो.

माझ्या वहीत तिसऱ्या सिगारसमोर लिहिलंय: मिरी कमी, दाणे जास्त, शेवटचा इंच कडू, ५२ मिनिटं, परत घेणार.