मिनिनेट: एका लॅपटॉपवर अख्खं नेटवर्क कसं उभं करायचं

नाशिकमध्ये इंजिनिअरिंग करणाऱ्या पोरापोरींना नेटवर्कवर प्रोजेक्ट तर करायचा असतो, पण त्यासाठी चार स्विच आणि दहा मशीन आणायची कुठून, इथेच गाडी अडते. त्यांच्यासाठी मिनिनेट आहे. २०१० च्या सुमाराला स्टॅनफर्डमधून आलेलं हे पायथॉनचं टूल, फुकट आणि ओपन सोर्स. लिनक्सच्याच नेटवर्क नेमस्पेस (एकाच मशीनमधले नेटवर्कचे वेगवेगळे कप्पे) वापरून ते खोटे होस्ट, म्हणजे नेटवर्कला जोडलेली मशीन, बनवतं, पण त्यांच्यात धावणारी पॅकेट्स, म्हणजे डेटाचे तुकडे, खरी असतात.

विंडोज असेल तर व्हर्च्युअलबॉक्समध्ये (कॉम्प्युटरच्या आत दुसरा कॉम्प्युटर चालवणारं सॉफ्टवेअर) उबुंटू लिनक्स टाका. मग टर्मिनलवर 'सुडो ॲप्ट इन्स्टॉल मिनिनेट' (टाइप अर्थातच इंग्रजीत करायचं). झालं की 'सुडो एमएन' द्या, दोन होस्ट आणि एक स्विच तयार होतो. तिथे 'पिंगऑल' मारा, म्हणजे प्रत्येक होस्ट दुसऱ्याला पॅकेट पाठवून उत्तर येतं का बघतो, ० टक्के ड्रॉप दिसलं की इन्स्टॉल नीट झालंय. बाहेर पडायला 'एक्झिट'.

बरेच जण इथेच थांबतात आणि स्क्रीनशॉट रिपोर्टला लावतात, तसं करू नका प्लीज, खरी मजा स्वतःची स्क्रिप्ट लिहिण्यात आहे.

एक पायथॉन फाइल उघडा. मिनिनेट ऑब्जेक्ट बनवताना लिंक म्हणून टीसीलिंक द्या, म्हणजे बँडविड्थ (जास्तीत जास्त वेग), डीले (उशीर), लॉस (किती पॅकेट्स हरवतात) आपल्या हातात येतो, आणि स्विच म्हणून ओव्हीएसब्रिज द्या. हे दुसरं विसरलं की स्विच हा कंट्रोलरची, म्हणजे पॅकेट कुठे पाठवायचं ते सांगणाऱ्या वेगळ्या प्रोग्रामची, वाट बघत बसतो आणि पिंगऑलमध्ये सगळीकडे एक्स दिसतात, नवीन माणूस तासभर केबल शोधत बसतो जी मुळात नाहीचये. मग ॲडहोस्टने दोन होस्ट घ्या, समजा पंचवटी आणि सातपूर, आणि ॲडस्विचने एस१. होस्टला नाव काहीही चालतं, छोटं ठेवा, स्विचच्या नावात मात्र आकडा हवाच. ॲडलिंकने पंचवटीच्या लिंकला ५ मिलिसेकंद डीले द्या, सातपूरच्या लिंकला ३०, दोन्हीकडे बँडविड्थ १० एमबीपीएस. शेवटी स्टार्ट, सीएलआय (इथे पिंगसारख्या कमांड टाइप करता येतात), स्टॉप. फाइल सुडो लावूनच चालवायची.

आता पिंग मारायच्या आधी कागदावर उत्तर लिहा. जाताना ५ अधिक ३०, येताना परत तेवढेच, म्हणजे ७० मिलिसेकंद. स्क्रीनवर ७० च्या किंचित वर काहीतरी येईल, फक्त पहिलं पॅकेट जास्त वेळ घेतं कारण आधी एआरपी होतं, म्हणजे समोरच्या होस्टचा हार्डवेअर पत्ता विचारला जातो, ते पॅकेट सरासरीत धरू नका. आधी अंदाज मग माप, ही सवय लागली तरच त्याला प्रयोग म्हणायचं असं माझं ठाम मत आहे.

मग 'आयपर्फ' चालवून स्पीड बघा, आणि एकाच लिंकला १ टक्का लॉस टाकून तोच आयपर्फ परत. स्पीड १ टक्क्याहून बराच जास्त पडतो, कारण टीसीपी (डेटा नीट पोचवायची जबाबदारी घेणारा प्रोटोकॉल) हरवलेलं पॅकेट म्हणजे गर्दी झाली असं समजून आपणच हळू होतो. एका वेळी एकच गोष्ट बदला नाहीतर कशाने काय झालं ते कळणार नाही. आणि शंभर होस्ट एकदम उभे करू नका, सगळे तुमच्याच सीपीयूवर चालतात, लॅपटॉप दमला की आकडे खोटे येतात.

स्क्रिप्ट मध्येच क्रॅश झाली आणि पुढच्या वेळी इंटरफेस आधीच आहे असा एरर आला तर 'सुडो एमएन -सी' द्या, जुना पसारा साफ होतो.